पाच फूट तीन इंच

१ सप्टेंबर, सोमवार

कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सचं लॉगबुक लिहिलं. तीन रकाने: बिघाड, कारण, दुरुस्ती. रिटायर होऊन चौदा महिने झाले तरी संध्याकाळी पाच वाजले की हात पेन शोधतो. मनीषा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, मग लिहा की घरीच, कोण अडवतंय. म्हणून ही वही. पहिल्या पानावर नाव घातलं: वाल्मीक.

आज लिहिण्यासारखं घडलंही. अक्काचे रिपोर्ट आले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण चंद्रभागा, वय सदुसष्ट. मूलबाळ नाही, नवरा गेल्यावर चाळीस वर्षांपूर्वी माहेरी आली आणि सटाण्याच्या पुढे आमच्या मळ्यात राहिली ती राहिलीच. तीन आठवड्यांपूर्वी बाजारात दम लागून खाली बसली. तिथून तिला नाशिकला आणली.

डॉक्टर तरुण. फोटो उजेडाला धरून त्याने विचारलं, पेशंट विडी ओढतात का? मी खुर्चीतून उभाच राहिलो. मनीषाने शर्ट ओढून मला खाली बसवलं. डॉक्टर म्हणाला, मग इतका धूर कसला? मनीषा म्हणाली, चुलीचा.

मग त्याने पुढचं सांगितलं. फुप्फुसं गेली आहेत. पुरती नाही, पण गेलेलं परत येत नाही. आता ऑक्सिजनचं मशीन लावायचं, रोज निदान पंधरा तास, आयुष्यभर. मशीन विजेवर चालतं, आणि अक्काच्या मळ्यात वीज नाही.

चुलीचं ऐकून मला आणखी वेगळाच धक्का बसला, कारण चूल मी सोडवली होती. पाच वर्षांपूर्वी भाऊबीजेला शेगडी, सिलिंडर, नळी, सगळं घेऊन दिलं होतं. दोन वर्षं वापरलं आणि मग म्हणाली, गॅसच्या भाकरीला चव नाही. चवीपायी माणूस फुप्फुसं घालवतं का? रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती बाहेर रस्त्याकडे बघत बसली.

बिघाड: फुप्फुसं. कारण: अक्काचा हट्ट. दुरुस्ती: नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

अक्काला हॉलमध्ये दिवाण लावून दिला आहे. शेजारी मशीन घुमतं. नाकात नळी घालून ती भिंतीकडे तोंड करून पडते. मनीषाने टीव्ही लावला तर म्हणाली, बंद कर बाई, त्यांच्या भांडणात आपलं काय.

आज दुपारी जेवताना ताट बाजूला सारून मला म्हणाली, "माले घर जानं शे."

मी म्हटलं, हे घर नाही का? नंतर मी बाल्कनीत गेलो तर ती नळीसकट दारापर्यंत आलेली, पायात चप्पल, हातात पिशवी. नळी ताणली गेली म्हणून थांबली होती, नाहीतर जिना उतरली असती. तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत एक लुगडं आणि कांद्याच्या बियाण्याची पुडी होती.

डॉक्टर म्हणाले होते, मशीनशिवाय तिकडे पाठवलंत तर फार दिवस नाहीत. आणि इथे ठेवली तर? हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. पण उघड्या वावरात राहिलेली बाई दुसऱ्या मजल्यावर किती दिवस भिंत बघेल? काल तिने अर्धी भाकरी खाल्ली, आज पाव.

७ सप्टेंबर, रविवार

उपाय सापडला. आणि तो इतका सरळ आहे की आधी का सुचला नाही याचं नवल वाटतं.

सोलरची ट्रॉली. चाकांवर. मळ्यातल्या घराचे पत्रे इतके जुने की त्यावर पॅनल काय, सुकायला मिरच्या टाकायचीही भीती. पण पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर सगळं एका ट्रॉलीवर बसवलं तर घराला हात लावायची गरजच नाही. दिवसा विहिरीपाशी ढकलून मोटर चालवा, संध्याकाळी दारात आणून उभी करा. मशीन चालेल, दोन दिवे, एक पंखा. सातपूरमध्ये बनवायची आणि पिकअपला जोडून थेट मळ्यात न्यायची.

वीजवाल्यांच्या नादी आता लागायचं नाही. नऊ वर्षांत चार अर्ज केले मी अक्काच्या नावाने. प्रत्येक वेळी माणूस येऊन बघून जातो आणि उत्तर येतं, तांत्रिक अडचण. काय अडचण? रस्त्यापर्यंत खांब आले आहेत, पुढे आठ-दहा खांबांचं काम. मी एकदा तिथल्या साहेबाला फोनवर इतकं सुनावलं की मनीषाने दार लावून घेतलं. साहेब एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही एकदा जागेवर येऊन बघा." मी जन्मलो त्या जागेवर आणि हा मला जागा दाखवणार.

अक्काला सांगितलं. ती उठून बसली. नाशिकला आल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर रंग दिसला. मग तिने विचारलं, "कितलं रुंद व्हई ते गाडं?"

मी हसलो. म्हटलं, तू उजेडाचं बघ, रुंदीचं मी बघतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

देवळाली कॅम्पात भंगारवाल्याकडे सोनं सापडलं. लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी ट्रॉली, फक्त सांगाडा आणि एक्सल. लोखंड असं की हातोडी मारली तर हातोडीच मागे येते. चाक ते चाक बाहेरून बाहेर पाच फूट तीन इंच. तीनदा मोजलं. मी मोजल्याशिवाय घरात खिळाही ठोकत नाही, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

ट्रॉली फकिराच्या शेडमध्ये टाकली. फकिरा सातपूरचा फॅब्रिकेशनवाला, कंपनीची कामं करायचा तेव्हापासूनची ओळख. त्याने सांगाड्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, जाणार कुठून ही? म्हटलं, आमची गाडीवाट आहे. वडिलांच्या वेळी कांद्याने भरलेली बैलगाडी जायची, बाजूने माणूस चालायचा. फकिरा म्हणाला, शेठ, तरी सगळं बोल्टवर करू, सुटं करता येईल. मी म्हटलं, बोल्ट ढिले होतात, वेल्डिंग कर. एकतीस वर्षं मी ढिल्या बोल्टांमागे धावलो आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काम जोरात. चार पॅनल, दोन बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर. हिशोब तीनदा तपासला, दोन दिवस ढग राहिले तरी मशीन बंद पडणार नाही. बॅटरीच्या पेटीला उंदराची जाळी मी स्वतः बसवली.

मनीषा आज म्हणाली, एकदा मळ्यात जाऊन बघून या ना, मग बनवा. मी म्हटलं, काय बघायचं? ती म्हणाली, सात वर्षं गेला नाहीत. खरं आहे. सात वर्षांपूर्वी गेलो तेव्हा मोटरसायकल थेट ओट्याला लावली होती. त्यानंतर अक्काने येऊच दिलं नाही. सगळीकडे भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो, आमच्याकडे अक्काच पहाटेची बस धरून येते. तू कशाला हाल करून घेतोस, मलाच नाशिक बघायला मिळतं, म्हणते. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. एका वर्षी तर मनगटाला प्लॅस्टर असताना आली होती, विहिरीवर घसरली होती म्हणे.

मनीषा आणखी काही बोलणार होती, पण अक्काने आतून तिला हाक मारली.

२४ सप्टेंबर, बुधवार

भिकनला फोन केला. भिकन म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला. पुढचं, रस्त्याकडचं पाच एकर मी त्यालाच दिलं नऊ वर्षांपूर्वी, त्यातूनच हा फ्लॅट झाला. अक्काने तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही. वडिलांच्या मागे तिचाही हक्क होता, पण निबंधक कार्यालयात येऊन तिने हक्कसोड करून दिला, जसा सगळ्या बहिणी देतात. मी तिला पैठणी नेसवली. मागचं तीन एकर आणि घर तिचंच, असं तोंडी ठरलं. कागदावर माझं असलं तरी मी कधी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

भिकनला विचारलं, पिकअप येईल ना रे ट्रॉली घेऊन? तो म्हणाला, माझ्या खळ्यापर्यंत येईल की, रस्ता डांबरी झाला. म्हटलं, झालं तर मग. तो काही तरी अडखळला आणि म्हणाला, भाऊ, तुम्ही येणार आहात का स्वतः? म्हटलं, मी नाही तर कोण येणार. त्यावर त्याने फोन बायकोकडे, कलाबाईकडे दिला आणि तिने अक्काची तब्येत विचारली.

रेंज गेली असेल त्याची, मध्येच फोन कट झाला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ट्रॉली पूर्ण झाली. फकिराच्या शेडमध्ये सगळ्या मशीनींना झेंडूच्या माळा, त्यात आमची ट्रॉली मधोमध. अक्काला रिक्षाने नेली, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर सोबत. मी बटण दाबलं, दिवा लागला, मशीन सुरू झालं. फकिराने टाळ्या वाजवल्या. मी उगाच दोनदा दिवा बंद करून पुन्हा लावला.

अक्काने ट्रॉलीला हळदकुंकू वाहिलं. मग मागच्या बाजूने कोपरापासून बोटांपर्यंत हात ठेवत ठेवत ती डावीकडून उजवीकडे सरकत गेली. काही तरी पुटपुटत होती. जवळ गेलो तर ऐकू आलं, साडेतीन हात. मला वाटलं देवाचं काही म्हणते आहे. बराच वेळ तशीच चाकाला धरून उभी राहिली.

मग मला विचारलं, "चाकं निघतस का याना? सुटं व्हस का?"

मी म्हटलं, अक्का, पन्नास वर्षं सुटणार नाही असं केलंय. तिने मान हलवली. फकिराने पेढा दिला तो तिने पदरात बांधला. रविवारी निघायचं ठरलं. तीन आठवड्यांवर भाऊबीज आहे, ही माझी ओवाळणी आगाऊच.

५ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू.

सकाळी सहाला निघालो. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी अक्का आणि मनीषा, मागे मी, त्यामागे ट्रॉली. दहाला भिकनच्या खळ्यात पोचलो. डांबर तिथे संपलं. मी उतरलो, गाडीवाटेकडे बघितलं, आणि गाडीवाट नव्हती.

मी आधी म्हटलं, आपण चुकीच्या मळ्यात आलो. खरंच असं म्हटलं, ड्रायव्हरला. चिंचेचं झाड तेच होतं, विहीर तीच होती. पण चिंचेखालून घराकडे जाणाऱ्या वाटेवर डाळिंबं होती. ओळीने डाळिंबं, सिमेंटचे खांब, तारा. सहा वर्षांची झाडं, फळांनी लगडलेली. एका कडेने दगडी बांध, आणि बांध नि तारा यांच्या मध्ये शेळी जाईल एवढी पायवाट. लांब तिकडे अक्काचं पत्र्याचं घर.

खिशातून टेप काढला. तीन फूट तीन इंच. पुढे गेलो, पुन्हा मोजलं. कुठे तीन फूट नऊ, पण विहिरीजवळच्या खांबाशी तीन फूट तीन.

मी भिकनला वाटेल ते बोललो. तो खाली बघत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, कागद तुमीच लिहून दिला. पायवाट लिखेल शे, गाडीवाट नही."

मी म्हटलं, खोटं आहे. तो म्हणाला, घरी जाऊन वाचा. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला आणखीच भीती वाटली. मग त्याने एकेक सांगितलं. वीजवाले चारदा येऊन गेले. खांब त्याच्या वावरात रोवावे लागत होते, त्याने नाही म्हटलं. हक्क होता त्याचा. झाडं लावताना ट्रॅक्टरला वळायला जागा हवी होती, म्हणून गाडीवाट मोडली. अक्काला त्याने विचारलं होतं म्हणे. तिने सांगितलं, कागदात असेल तसं कर.

कलाबाई मध्ये पडली. मला वाटलं ती नवऱ्याची बाजू घेईल. ती म्हणाली, "दोन वरीस डोक्यावर वाहिलं सिलिंडर तिनी. बांधावरून पडनी, हात मोडना. तवापासून चूल."

गॅसवाल्याची गाडी खळ्यापर्यंत येते. पुढे अर्धा किलोमीटर. मी तिथेच ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसलो. उजेडात झळकणारे चार पॅनल, माझे, वर आभाळाकडे तोंड करून.

अक्का गाडीतून उतरली नाही. काचेतून घराकडे बघत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "चाल भाऊ, परत जाऊ." इतकंच. आणि पदरातून पेढा सोडून मला दिला.

६ ऑक्टोबर, सोमवार

कपाट उघडून खरेदीखत काढलं. चौथं पान. 'मागील क्षेत्रात जाण्यायेण्यासाठी बांधालगतची पाऊलवाट चालू राहील.' खाली माझी सही. प्रत्येक पानावर माझी सही, सरळ, स्वच्छ. मी एक अक्षर वाचलं नव्हतं. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, तीनला कार्ड पंच करायचं होतं.

पण खरा धक्का हा नाही. लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटी ठेवून उपयोग नाही.

सही करताना अक्का शेजारी होती, संमती म्हणून तिचीही सही होती. ती चौथी शिकलेली, बोट ठेवून सावकाश वाचत होती. मला काल रात्रभर ते बोट आठवत होतं. ते बोट चौथ्या पानावर थांबलं होतं. तिने मला विचारलं होतं, भाऊ, गाडीवाट लिहायला सांग ना यांना. आणि मी घड्याळ बघत म्हणालो होतो, "अक्का, भिकन आपलाच माणूस आहे. वाट काय कोणी उचलून नेतो?"

तिने सही केली. मी कार्ड वेळेत पंच केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मनीषाला सगळं माहीत होतं. तीन वर्षं. प्लॅस्टर घेऊन आली त्या भाऊबीजेला अक्काने स्वयंपाकघरात तिला सांगितलं आणि हातावर हात ठेवून शपथ घातली की मला सांगायचं नाही. मी विचारलं, का? मनीषा भांडी घासत होती, तिने नळ बंद केला. "म्हणाल्या, त्याला कळलं तर या घरात त्याला घास जाणार नाही."

मी म्हटलं, तू तरी सांगायचं होतंस. ती म्हणाली, जाऊन बघून या म्हणून कितीदा म्हटलं मी. मला राग आला होता, पण तो ठेवायला जागाच सापडेना. भिकनवर ठेवावा तर कागद माझा. वीजवाल्यांवर ठेवावा तर तो साहेब बिचारा म्हणत होता, जागेवर येऊन बघा. मी त्याला फोन लावला. म्हटलं, मागे तुम्हाला फोनवर बोललो ते चुकलं. त्याला मी आठवलोही नाही. दुसरा कोणी साहेब होता.

अक्का आज काहीच जेवली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वकील कॉलनीतलाच आहे. म्हणाला, रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मिळेलही, पण पंचनामा, सुनावणी, अपील, वर्ष दोन वर्षं धरा. मी अक्काच्या पाव भाकरीचा हिशोब केला आणि उठलो.

दुपारी तिच्या दिवाणापाशी खाली बसलो. विचारलं, अक्का, तुला ठाऊक होतं ट्रॉली जाणार नाही. दसऱ्याला तू हाताने मोजलीस. मग बोलली का नाहीस?

ती नळी सरळ करत म्हणाली, "तू इतला खूश व्हता."

साठीला आलेला माणूस मी, बहिणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, ती फिरवणाऱ्यांतली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, विहिरीजवळ दोन हात नि चार बोटं. त्याच्यात बसव.

सहा वर्षं ती वाट तिच्या बोटांत होती. दोन हात चार बोटं म्हणजे बरोबर तीन फूट तीन इंच. टेपने नंतर पाहिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फकिराला म्हटलं, काप. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, एक्सल मधून काप, अडीच फुटावर आण. सगळं बोल्टवर घे. तो म्हणाला, मी आधीच... आणि पुढे बोलला नाही. चांगला माणूस आहे.

लष्कराचं लोखंड कापायला पूर्ण दिवस गेला. ठिणग्या उडत होत्या आणि मी समोर उभा राहून बघत होतो. मी बनवलेल्यापैकी सगळ्यात चांगली वस्तू होती ती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवीन गाडं तयार. त्याला आता ट्रॉली म्हणवत नाही. हातगाडीच म्हणा. पॅनल बिजागरीवर, जाताना उभे मिटायचे, दारात गेल्यावर उघडायचे. बॅटरी खाली, म्हणजे कलंडणार नाही. खळ्यापर्यंत पिकअपमध्ये, पुढे आत दोन माणसं ओढतील. दिसायला बेढब आहे. अक्का शेडमध्ये आली, डावीकडून उजवीकडे हात ठेवला. दोनच हात बसले, त्यातला दुसरा पुरता नाही. "चारपेक्षा जास्तच बोटं राहतस," म्हणाली, आणि संध्याकाळी तिने अख्खी भाकरी खाल्ली.

मी भिकनला फोन केला. येतोय म्हटलं. वाटेचं काही बोललो नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

हे अक्काच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. दुपारचे चार.

खळ्यात गाडं उतरवलं तेव्हा भिकन तिथेच उभा होता. मी पुढचा दांडा धरला. मागून कोण ढकलणार हे मी ठरवलंच नव्हतं, ड्रायव्हरला विचारणार होतो. भिकन मागे गेला आणि त्याने खांदा लावला. कलाबाईने अक्काचं छोटं सिलिंडर उचललं. पुढे अक्का, मग कलाबाई, मनीषा, मग आम्ही.

अर्धा किलोमीटरला अक्का पाच वेळा थांबली. मी पाचही वेळा थांबलो. सहा वर्षं ही बाई इथून पिठाचा डबा, रॉकेलचा कॅन, कांद्याचं रोप, सिलिंडर घेऊन जात होती आणि मी नाशिकला बसून तिच्या भाकरीच्या चवीवर चिडत होतो. विहिरीजवळच्या खांबापाशी चाक नि बांधात सहा बोटं राहिली. गेलं.

घरात अंधार. चुलीच्या वरचं आढं काळंभोर, हात लावला तर बोट काळं झालं. फळीवर गोणपाटात गुंडाळलेलं काही तरी. सोडलं तर माझी शेगडी. पुसलेली, चकचकीत, बर्नरच्या भोकांत तेल घालून ठेवलेली, गंज चढू नये म्हणून. तीन वर्षं न वापरलेली वस्तू इतकी नीट मी कंपनीतही पाहिली नाही.

पॅनल उघडले, मशीन लावलं. अक्का तिच्या खाटेवर बसली, नाकात नळी, आणि दारातून आपल्या वावराकडे बघू लागली. कांद्याचं रोप टाकायला उशीर झाला, म्हणाली. खाटेवरून उतरून बघायला निघालीच होती, मनीषाने धरलं.

मग ओवाळायची वेळ. मनीषाने तबक केलं आणि निरांजन लावायला काडी काढली, तशी मी ओरडलो. ऑक्सिजनपाशी ज्योत नको. सगळे थांबले. सात वर्षांत मी पहिल्यांदा बहिणीच्या घरी भाऊबीजेला आलेलो आणि ओवाळायला ज्योत नाही. अक्का म्हणाली, दिवा लाव ना तुझा. मी बटण दाबलं. पाटावर दिव्याखाली बसलो. तिने सुपारी नि अंगठी ओवाळली आणि कपाळाला कुंकू लावलं. तिचा हात जवळून पाहिला. मनगट वाकडं जुळलं आहे.

तबकात काय टाकू? ट्रॉली ओवाळणी म्हणून देणार होतो, ते आता तोंडाने बोलवेना. खिशात हात घातला आणि तसाच बसून राहिलो. अक्काने तबक बाजूला ठेवलं.

"आता येत जा, भाऊ," ती म्हणाली. "आता तुझ्यापासून लपवानं काही नही राह्यलं."

भिकन ओट्यावर उभा होता. तो उतरून आपल्या डाळिंबांकडे चालता झाला. आत मशीन घुमतं आहे आणि मनीषा शेगडी फळीवरून खाली काढते आहे, मशीनपासून लांब ओट्यावर मांडायला. उद्या मला एक सिलिंडर या गाड्यावरून आणायचं आहे.

बिघाड: वीज नाही, गॅस नाही, श्वास नाही. कारण: वाल्मीक. दुरुस्ती: काम चालू.